उलटा कोट

डिंपना निघाली होती ती नवऱ्याला घरी आणायला. मागच्या जानेवारीत क्रिस्टोर या वाटेवर गेला तो परत आलाच नाही. पथकं झाली, कुत्री झाली, हेलिकॉप्टरनं डोंगर पिंजून काढला. शेवटी शोध थांबवला. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली, गावानं घरी चहा-केक पोचवला, पण कबर रिकामी ती रिकामीच. बाकीच्या बायका आपापल्या माणसांच्या दगडापुढे फुलं ठेवायच्या आणि हिच्याकडे बघायचं टाळायच्या. ते तिला सोसवेना. हाडं का असेनात, पण तिला पुरायला काहीतरी हवं होतं!

वाटही अशी, की जिचं नाव काढलं तरी थंडी वाजावी. चारशे वर्षांपूर्वी घरंदारं जळाल्यावर बेआरा द्वीपकल्पातलं एक अख्खं कुळ भर हिवाळ्यात याच वाटेनं उत्तरेला निघालं. हजारभर निघाले, पोचले मूठभर. त्यांच्याच दिवसांत, त्यांच्याच गारठ्यात चालायचं, असं क्रिस्टोरच्या डोक्यानं घेतलं होतं. आता त्याच दिवसांत ही तिघं निघाली होती. डिंपना, तिचा धाकटा दीर फाख्तना आणि नणंद गोबनेट. फाख्तना अंगानं आडदांड आणि कायम भुकेला. गोबनेट निवृत्त नर्स, जिभेला धार.

"फाख्तना, ते सँडविच दुपारचं आहे," गोबनेट म्हणाली.

"पिशवीत असलं काय नि पोटात असलं काय, वाहायचं मलाच आहे ना?"

डिंपना हसली नाही. ग्लेनगॅरिफ गाव मागे पडल्यापासून ती प्रत्येक घळीत वाकून बघत होती. तपकिरी गवत, काळं पाणी, मेलेली मेंढी. प्रत्येक वेळी ती दोन पावलं खाली उतरायची, आणि प्रत्येक वेळी काहीच नसायचं.

दुपारी केहाच्या डोंगरावर धुकं उतरलं. उतरलं कसलं, अंगावर कोसळलंच! वाटेवरचे पिवळे खुणेचे खांब दिसेनासे झाले. बराच वेळ चालून तिघं एका फुटक्या कुंपणापाशी आली, आणखी चालली, आणि पुन्हा त्याच कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"चकवा," गोबनेट हळूच म्हणाली. "चकव्याच्या ढेकळावर पाय पडलाय कुणाचा तरी. कोट काढा आणि उलटे घाला."

"जन्म इस्पितळात काढलास ना गं तू?" फाख्तना म्हणाला.

"इस्पितळात ढेकळं नव्हती. घाल उलटा!"

हसत हसत का होईना, पण घातला त्यानं. डिंपनानंही घातला. चकवा लागला की कोट उलटा करायचा, म्हणजे वाट सापडते; या डोंगरात हे आयांनी पोरांना बोलण्याआधी शिकवलेलं असतं. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. लाल, पिवळे, हिरवे रंग आत गेले आणि राखाडी अस्तरं बाहेर आली.

वाट सापडली नाही. दहा पावलांवर फाख्तना दलदलीत गेला!

आधी गुडघा. मग कंबर. मग छाती! "येशू, मेरी आणि जोसेफ!" तो ओरडला. डिंपना पोटावर पडली, पिशवीचा पट्टा त्याच्याकडे फेकला. गोबनेटनं तिचे पाय धरले. ओढ! आणखी ओढ! चिखलानं त्याला सोडताना घोट्यात काहीतरी कडकन मोडल्याचं तिघांनीही ऐकलं.

दोघींनी त्याला फरफटत एका कातळाच्या आडोशाला नेलं. तो ओलाचिंब होता, दात वाजत होते. डिंपना फोन घेऊन उंचवट्यावर चढली. एकदाची सिग्नलची रेघ आली. तिनं बचाव पथकाला कातळ, ओढा, खालचं तळं एवढं सांगितलं आणि फोन मेला. ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती परत आली तेव्हा गोबनेट कातळाच्या कपारीकडे बोट दाखवत उभी होती.

कपारीत कोट होता. शेवाळलेला, काळपट, गोळा झालेला. गळपट्टीवर डिंपनानंच घातलेला निळ्या दोऱ्याचा टाका होता.

"क्रिस्टोर!" तिनं हाक मारली. वर्षभरानं, भर धुक्यात, खुळ्यासारखी हाक मारली. "गोबनेट, कोट इथे, मग तो कुठे आहे?"

नर्सला माहीत होतं. "शेवटी शेवटी थंडीनं माणसाला उकडायला लागतं गं. अंगावरचं काढून टाकतात. मग चालू लागतात. कुठेही."

खाली तळं होतं. काळंशार, तळ नसल्यासारखं. डिंपना कोट छातीशी धरून बसली. आता सगळं संपलं, तिला वाटलं. एवढंच मिळणार, आणि एवढंच पुरायचं.

"तो कोट दे," गोबनेट म्हणाली. "वारं तरी अडेल. फाख्तना थरथरायचा थांबलाय. हे चांगलं नाही."

"नाही!"

"डिंपना, मला एकच भाऊ उरलाय!"

"आणि मला हे एवढंच उरलंय! माझ्याजवळचं काहीही घे, हे मागू नकोस!" तिनं स्वतःचा कोट काढून दिराच्या अंगावर टाकला आणि क्रिस्टोरचा आणखी घट्ट आवळला.

तेवढ्यात धडधड ऐकू आली. हेलिकॉप्टर! धुकं फाटलं होतं, वर आभाळाचा तुकडा दिसत होता. दोघी हात हलवत, घसा फोडत उभ्या राहिल्या. ते आलं, अगदी डोक्यावरून गेलं. आणि सरळ पुढे निघून गेलं!

"आंधळे आहेत का मेले?" गोबनेट रडत ओरडली.

डिंपनानं तिच्याकडे पाहिलं. राखाडी अस्तर. मागे राखाडी कातळ. मग तिनं हातातल्या कोटाकडे पाहिलं. टोपीच्या नाडीला अस्तराच्या बाजूनं गाठ मारलेली होती. त्यानंही उलटा घातला होता! तेव्हाही हेलिकॉप्टर असंच वरून गेलं असेल, आणि हा इथे असाच हात हलवत उभा असेल. तिच्या तोंडून नुसता एक आवाज निघाला, जनावरासारखा.

मग तिनं कोटाची बाही धरून खसकन उलटी काढली. आतून नारिंगी! दुकानातून आणल्यासारखा नवाकोरा, भडक नारिंगी! वर्षभर ऊन न लागलेला.

तिनं तो फाख्तनाच्या अंगात चढवला, गळ्यापर्यंत बंद केला आणि काखेत हात घालून त्याला कातळाबाहेर उघड्यावर ओढलं. "तू पण आपला सुलटा कर!" ती गोबनेटवर ओरडली. "आवाज येतोय, वळतंय ते. वळतंय!"

दोरावरून उतरलेली मुलगी जेमतेम पंचविशीची असेल. तिघांना वर घेतल्यावर तिनं फाख्तनाच्या मानेला हात लावला आणि कात्री काढली. "ओलं सगळं काढायला हवं. हा कोट कापते."

फाख्तनाचे डोळे अर्धे उघडले. "नको," तो पुटपुटला. "दादाचा आहे."

मुलगी थांबली. डिंपनाच्या मुठीत गळपट्टी होती. खाली तळं मागे पडत होतं. त्याला शोधायला त्यात ती आता कधीच उतरणार नव्हती, आणि घरी न्यायला दुसरं काही नव्हतं. तिनं मूठ सोडली.

"काप," ती म्हणाली. "लवकर काप, पोरी."

आणि कात्री चालत होती तोवर तिनं दिराचं डोकं मांडीवर घट्ट धरून ठेवलं.