मधाच्या रंगाची गळकाठी

"नागीताई, पळ! पुलावर पाटी लागलीये!"

तोउता ओरडत आला तेव्हा नागी अंगणात बसून काकडीला काड्यांचे पाय लावत होती. आजपासून ओबोन. पितर चार दिवस घरी येणार, मग त्यांना यायला काकडीचा घोडा हवा आणि परत जायला वांग्याची गाय! यंदा तर आजोबा यायचे होते, वारल्यानंतर पहिल्यांदाच. घोड्याचा एक पाय जरी वाकडा झाला तरी बारा वर्षांच्या नागीला चालणार नव्हता.

तोउता तिचा आतेभाऊ, नागोयाहून सुट्टीला आलेला. त्याच्या मागे शेजारची कोउमे, सुट्टीच्या प्रकल्पाची वही छातीशी घट्ट धरून. तिघं धावत पुलावर गेली. पाटीवर लिहिलं होतं: ‘या ओढ्यात मासे उरलेले नाहीत. सतरा तारखेला सकाळी तळ्यातले मासे आणून सोडण्यात येतील. मच्छीमार संस्था.’

नागीनं पाटी पुन्हा एकदा वाचली. शेवटच्या आजारपणात आजोबा तिला म्हणाले होते, "आपल्या ओढ्यातल्या इवाना माशाचं पोट शेंदरी असतं, पोरी. पलीकडच्या खोऱ्यातही तसा मासा नाही. बाहेरचे मासे यात मिसळले की हा रंग गेला म्हणून समज. लक्ष ठेवशील ना?" आणि ती हो म्हणाली होती.

टुप्!

पलीकडच्या काठावर, पाण्यावर ओणवलेल्या फांदीखाली एक वर्तुळ उमटलं, हळूहळू मोठं होत गेलं आणि विरून गेलं.

"मासे नाहीत म्हणे!" तोउता म्हणाला. "मग ते काय होतं, पाण्याला उचकी लागली?"

कोउमेनं लगेच वहीत लिहिलं: ‘नऊ वाजून दहा. वर्तुळ एक.’

तेवढ्यात कंदिलांची माळ खांद्यावर टाकून संस्थेचे प्रमुख किरियामाकाका पुलावर आले. सगळं ऐकून ते हसले. "अगं, आम्ही तीन बाप्ये तीन दिवस गळ टाकून बसलो होतो. शेपूटसुद्धा दिसलं नाही!"

"कुठली काठी होती काका?"

"कार्बनची! साडेनऊ फुटी! भारीतली भारी!"

"आणि उभे कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? पाण्यात, मधोमध."

"जेवलात कुठे?" तोउतानं विचारलं.

"तिथेच. रेडिओ लावून." काका जरा गडबडले. "तू काय पोलीस आहेस का रे? हे बघ नागी, एक मासा मला या डोळ्यांनी बघू दे, मी ती तळ्यातल्या माशांची गाडी रद्द करतो. झालं?"

"झालं!"

"पण ओबोनात जीव घ्यायचा नाही, माहीत आहे ना? सोळापर्यंत गळ टाकायचा नाही!"

काका शीळ घालत निघून गेले. नागी मनातल्या मनात दिवस मोजत राहिली. सोळाला ओबोन संपणार आणि सतराला सकाळी गाडी येणार. मग बघायचं कधी? मोठ्या माणसांनी तारीख ठरवली खरी, पण एवढासा विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता!

घरी येऊन तिनं आजोबांच्या तिन्ही काठ्या ओसरीवर मांडल्या. एक कार्बनची, लांब, काळी. दुसरी बांबूची, रेशमी दोऱ्यांनी बांधलेली. देव्हाऱ्यातल्या फोटोत आजोबांच्या हातात तीच होती. तिसरी जेमतेम सहा फूट, फायबरग्लासची, मधाच्या रंगाची.

"ही खेळण्यातली दिसते," तोउता म्हणाला.

"परीक्षा घेऊ," नागी म्हणाली. तिनं एका वाकलेल्या फांदीखाली चहाचा कप ठेवला आणि दोरीच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधला. गोंडा कपात पडला पाहिजे, आणि फांदीला काही लागता कामा नये!

कार्बनची काठी आधी फांदीत अडकली. नागीनं दोरी कमी केली, तर काठी वाकेचना. एवढ्याशा दोरीच्या वजनाला ती दाद देईना, आणि गोंडा आला पायाशी. बांबूची काठी छान वाकली, पण होती जड. दहा फेकींत मनगट भरून आलं. तरी नागीला तीच हवी होती. आजोबांची लाडकी ना ती!

"नागीताई," कोउमे हळूच म्हणाली, "ही बघ."

मधाळ काठीची मूठ हाताळून हाताळून काळी पडली होती. तिच्यावर अंगठ्याच्या आकाराचा खळगा झाला होता. नागीनं त्यात आपला अंगठा ठेवला. फोटोसाठी बांबूची, आणि ओढ्यावर ही! आजोबा कसे लबाड!

काठी हळूच मागे गेली, आळस दिल्यासारखी वाकली आणि पुढे आली. दोन हात दोरी फांदीखालून तरंगत गेली. गोंडा कपात!

"खेळण्यातली, नाही का?" कोउमेनं तोउताला डिवचलं.

"मी तर आधीपासून हीच म्हणत होतो!"

पण गळाचं काय करायचं? सोळापर्यंत तर तो टाकायचा नव्हता. नागी उठली आणि पक्कड घेऊन आली. मासे भुलवायला आजोबांनी गळावर पिसं बांधून केलेली एक खोटी माशी तिनं डबीतून काढली आणि कट्! गळाचं टोकच तोडून टाकलं.

दारात आई उभी होती. नागीला वाटलं, आता ओरडा बसणार.

"टोकच नाही, मग कोणाला लागणार?" आई म्हणाली. "मात्र आजोबांना सांगून जा."

नागीनं देव्हाऱ्यासमोर बसून घंटा वाजवली, हात जोडले आणि सगळं सांगितलं.

सोळा तारखेच्या पहाटे ओढ्यावर धुकं होतं. पाणी वाहत होतं की झोपेत बोलत होतं, कळत नव्हतं. किरियामाकाकांना तिघांनी ओल्या गवतात पालथं झोपवलं होतं.

"माझं वय काय, हे काय चाललंय..."

"शू! रेडिओ बंद!" तोउता म्हणाला.

नागी काठावर गुडघ्यांवर बसली. पहिली फेक पानाला लागली. उद्या गाडी येणार. आजोबांना हो म्हणाले होते मी! तिनं अंगठा खळग्यात टेकवला आणि श्वास सोडला.

दोरी धुक्यातून गेली. माशी फांदीखाली उतरली आणि पाण्यावर फिरत फिरत येऊ लागली.

टुप्!

काठी वाकली, पार मुठीपर्यंत वाकली! नागीनं झटका दिला नाही. मऊ काठीनं ओढलंही नाही, म्हणून मासा माशी तोंडात धरून राहिला. एक क्षण, दोन क्षण. मग त्यानं पाण्याबाहेर उसळी घेतली आणि त्याचं शेंदरी पोट धुक्यात लखकन दिसलं. माशी सोडून तो आपल्या घरी गेला.

काका उठेचनात. शेवटी उठून बसले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"तुझे आजोबा वीस वर्षं हेच सांगत होते," ते म्हणाले. "आणि मी त्यांची थट्टा करत होतो. चुकलो गं पोरी." त्यांनी तिथूनच फोन लावून गाडी रद्द केली आणि पाटी स्वतः उपटली.

संध्याकाळी पितरांना निरोप द्यायला घरोघरी दारात जाळ पेटले. काका सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या तीन दिवसांत झालं नाही ते या पोरांनी एका फेकीत केलं!"

"दोन फेकींत," कोउमेनं वही बघून सांगितलं. आई हसली आणि तिनं नागीच्या डोक्यावर हात ठेवला.

नागीनं वांग्याची गाय जाळाजवळ ठेवली आणि तिच्या पाठीवर ती टोक तोडलेली माशी बांधली.

"अगं, टोकच नाही!" तोउता म्हणाला. "आजोबा तिकडे मासे पकडणार कसे?"

"त्यांना पकडायचे नसतातच," नागी म्हणाली. "आहेत ना, एवढंच बघायचं असतं."