भरलेला हंडा

चिन्मयला एकच फोटो हवा होता. सिल्लोडपलीकडच्या डोंगरात बायका खोल घळीत उतरून पाणी वर आणतात, त्याचा! औरंगाबादेत प्रदर्शन ठरलं होतं, मधल्या भिंतीवर जागाही राखली होती. फोटो तेवढा नव्हता.

त्याची एक रीत होती. आधी माणसाच्या घरचं पाणी प्यायचं, मगच कॅमेरा बाहेर काढायचा. "पाणी प्यालं की परकेपणा जातो," असं भाषणांतून सांगून तो टाळ्या घ्यायचा. डोंगरातल्या वस्तीवर मनकर्णाबाईंच्या घरीही त्यानं तांब्याभर पाणी घटाघटा रिचवलं. बाळंतीण सून संस्कृती दाराआडून बघत राहिली. माठात आता तळापुरतंच उरलं होतं. सकाळी एकदा जाऊन आलेल्या मनकर्णाबाईंनी भर उन्हात पुन्हा हंडा उचलला. का, ते या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. उलट स्वारी खूश!

"बूट काढ बाबा. कातळावर घसरतेत."

"ट्रेकिंगचे आहेत मावशी, घसरायचे नाहीत."

वाटेत शहरवाल्यांच्या प्लॉटांची कुंपणं लागली. "ह्यांनी बोअर मारले अन् आमच्या हिरी आटल्या," म्हणत मनकर्णाबाई तिथंच थुंकल्या.

घळ उभीच्या उभी होती. वाळक्या मुळ्या धरून, तापलेल्या कातळाला पोट घासत दोघं तळाशी उतरली. तिथल्या कपारीत पाणी थेंबाथेंबानं झिरपत होतं. वाटीनं भरत भरत हंडा काठाला लागेपर्यंत उन्हं कलली.

चढताना चिन्मय पुढे गेला. एका टप्प्यावर थांबून मागे वळला. खाली मनकर्णाबाई, डोक्यावर हंडा, मागे काळीकभिन्न घळ. खट्! मिळाला! अजून एक घ्यावा म्हणून तो पाऊलभर मागे सरला...

बूट घसरला! कातळावरून तो खरडत मनकर्णाबाईंच्याही खाली गेला. एका हातात मूळ सापडलं. दुसऱ्या हातानं कॅमेरा छातीशी धरलेला!

"हात दे! सोड ती पेटी!"

मूळ कडाडलं. त्यानं कॅमेरा सोडला नाही.

मनकर्णाबाईंनी हंडा सोडला. दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला वर ओढलं. हंडा ठणठणत घळीत गेला.

वर आल्यावर त्यानं आधी कॅमेरा तपासला. कॅमेऱ्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"दाखव तरी."

त्यानं दाखवला. काठोकाठ भरलेला हंडा उन्हात चमकत होता.

"लई भारी आलाय. आता ह्योच दे माझ्या सुनंला, म्हणावं पी."

चिन्मयनं मान खाली घालून तो फोटो कॅमेऱ्यातून पुसला. पुसल्यानं हंडा थोडाच भरणार होता!

घरी संस्कृतीनं माठ तिरका करून, तळाचं पाणी पेल्यात घेऊन त्याच्यापुढं धरलं.

"नको, वहिनी."

तिचा चेहरा पडला. "मघाशी चाललं, आता का नाय?"

"पी गुमान," मनकर्णाबाई म्हणाल्या. "माझ्या दारातून तहानलेलं माणूस गेलेलं नाय आजवर."

तो प्याला. घोटागणिक त्याला लाज वाटत होती. मनकर्णाबाईंनी कोपऱ्यातली कळशी उचलली. चिन्मयही लगबगीनं उठला, बूट काढू लागला.

"तू नगं येऊ," त्या दारातून म्हणाल्या. "मला हात दोनच हायेत."