रिकामी कॅन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. हे माझ्याच घरात घडलंय... आणि अजून संपलेलं नाही.

गेल्या डिसेंबरातली अमावास्या. दिवेलागणीची वेळ. वरूडहून अमरावतीच्या दवाखान्यात निघालो होतो. माझ्या बायकोला, प्राजक्ताला, आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या.

घाईत पेट्रोलचा काटा पाहिलाच नाही. एरवी प्राजक्ता चिडवायची, "तुमची गाडी वासावरच चालते." त्या दिवशी ती फक्त कण्हत होती.

वाटेतला पंप बंद.

पुढे संत्र्याच्या बगीच्यापाशी गाडीने आचके दिले, आणि बंद पडली.

मोबाईलला रेंज नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

तेवढ्यात बगीच्यातून आवाज आला... फवारणीच्या पंपाचा.

इतक्या अंधारात फवारणी? पण पंप म्हणजे पेट्रोल! मी जीव खाऊन ओरडलो.

पंप थांबला. रातकिडेही थांबले.

झाडांतून एक म्हातारा आला. हातात निळी कॅन. खाली वाळलेला पाला होता... पण पावलं वाजली नाहीत.

त्यानेच टाकीत पेट्रोल ओतलं. मी शेजारी उभा होतो.

वास आला नाही.

"पैसे नोको," कॅन माझ्या हातात देत तो म्हणाला. "कॅन तेवढी वापस आनून देजा. पन रिकामी नोका आनू."

बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. प्राजक्ताच्या पोटाकडे पाहत होता.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. आम्ही वेळेत पोचलो. मुलगा झाला. जीव एवढासा, पण वाचला.

बाळ घरी आल्यावर मी कॅन द्यायला गेलो.

तिथे बगीचाच नव्हता. नुसते वाळलेले बुंधे.

शेजारच्या शेतातले खुशालराव म्हणाले, "नत्थुजीचा बगीचा होता तो. पान्यावाचून वाळला. मंग नत्थुजी बी गेला. पंपाचा आवाज येते कधी कधी. आमी तिकडं पाहत नाई."

कॅन एका बुंध्यापाशी टाकली आणि पळालो.

घरी आईने कपाळावर हात मारला. "रिकामी ठेवून आला? अरे, शेजारची वाटी तरी आपुन रिकामी वापस देतो का? चिमूटभर साखर टाकतो ना!"

सकाळी कॅन आमच्या उंबऱ्यावर होती.

आईने तिच्यात साखर भरली. मी नेऊन ठेवली.

दुसऱ्या सकाळी कॅन परत उंबऱ्यावर. रिकामी. साखर पायरीवर ओतलेली... तिला एक मुंगीसुद्धा लागली नव्हती.

मग ज्वारी भरून पाहिली. तीही पायरीवर.

आज सकाळी कॅन उचलली, तर आत काहीतरी खुळखुळलं.

मी ती उपडी केली.

बाळाची काळ्या मण्यांची मनगटी पडली.

धावत आत गेलो. बाळ पाळण्यात शांत झोपलं होतं. मनगट उघडं होतं. मनगटीची गाठ मात्र आईने बांधली तशीच, घट्ट. ती सोडल्याशिवाय हातातून निघूच शकत नाही.

"आई, आता काय भरू हिच्यात?" मी विचारलं.

आईने बाळाला उचलून पदराखाली घेतलं.

कॅन अजून उंबऱ्यावरच आहे. आणि आता अंधार पडायला लागलाय.