थापणं थांबतं तेव्हा

सीसॅटचा पेपर फक्त पास व्हायचा असतो. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेत सकाळी सामान्य अध्ययन असतं, पुढे जायचं की नाही ते त्यावर ठरतं. दुपारी सीसॅट. उतारे, गणितं, बुद्धिमत्तेचे प्रश्न. तेहतीस टक्के पडले की झालं, जास्त पडून फायदा नाही. पण तेवढे पडले नाहीत तर सकाळचे मार्क कितीही असोत, घरी बसायचं.

मी तसा घरी बसलेला माणूस आहे. सकाळचा पेपर मला नेहमी चांगला जायचा. दुपारी चारपैकी दोन पर्याय उरायचे आणि मी हमखास चुकीचा धरायचो.

आम्ही हट्टा गावचे. मी वसमतला हळदीच्या आडतीवर कामाला आहे, मोटारसायकलने जातो-येतो. हळदीच्या दिवसांत अंगाचा वास अंघोळ करूनही जात नाही. संध्याकाळी आलो की हातपाय धुऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचो. आत माझी बायको ज्योती भाकरी करायची. मी मोठ्याने प्रश्न वाचायचो आणि ती थापत राहायची.

ती बी.एस्सी. झालेली होती, माझ्यापेक्षा हुशार. लग्नानंतर तिचा अभ्यास सुटला, माझा सुटला नाही. आमची ही पद्धत कशी पडली ते आता आठवत नाही. मी प्रश्न वाचायचो, मग एकेक पर्याय. चुकीच्या पर्यायावर तिचा हात चालू राहायचा. थप, थप, थप. बरोबर पर्याय आला की थांबायचा. मी खूण करायचो. पुढचं वाचायला घेतलं की थापणं परत सुरू. पुस्तकामागची उत्तरं काढून पाहिली तर ती कधी चुकलेली नसायची.

एकदा मोठा उतारा होता, नदीच्या गाळाबद्दल. मी वाचत असताना ती मधेच उठली आणि आमच्या मुलीला, साक्षीला, हाक मारायला बाहेर गेली. अर्धा उतारा तिने ऐकलाच नाही. आली, पिठाचा गोळा परातीत घेतला, आणि तिसऱ्या पर्यायावर तिचा हात थांबला. बरोबर होतं. मी म्हणालो, "तूच दे बाई परीक्षा. मी भाकरी थापतो."

ती हसली नाही. हाताकडे बघत म्हणाली, "वाचा की पुढं. भाकर वाळून राहिली."

वर्षावासात, ऐन पावसाळ्यात, ज्योती गेली. आधी उजवा हात गेला. सकाळी उठली तर हात गादीवरून उचलेना. वसमतहून नांदेडला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी आहे. मग बोलणं गेलं, मग ती गेली. दवाखान्यात ती डाव्या हाताने उजवा हात धरून पडायची आणि माझ्याकडे बघायची. तिला काही सांगायचं आहे असं वाटायचं. मला वाटलं, साक्षीबद्दल असेल.

आमचं घर दोन खोल्यांचं. शेजारी पंचफुलामावशी एकट्या राहतात, त्यांचा मुलगा हिंगोलीला असतो. त्यांची आणि आमची भिंत एकच, आणि ती पत्र्यापर्यंत पोचत नाही. वर वीतभर फट आहे. तिकडचा धूर इकडे येतो, इकडचं बोलणं तिकडे जातं. ज्योती गेल्यावर आमच्या भाकरी मावशीच करायला लागल्या. म्हणाल्या, "तुह्या हातची खिचडी खाऊन लेकरू सुकून जाईल. बापाला बी काही येत न्हाई, फक्त पुस्तकं."

दिवाळीनंतर धम्मानंद आला. आम्ही वसमतच्या अभ्यासिकेत बरोबर बसायचो, तो मागेच तलाठी झाला. कपाटावरची पुस्तकं बघून त्याने बोटाने धूळ पुसली.

"काय रत्नपालभाऊ, धूळ पेरून राहिला का?"

"आता कशाला," मी म्हणालो.

"वय संपून राहिलं तुमचं. हा शेवटचा चान्स हाय. वहिनीनं एवढं केलं ते काय पोत्यावर नंबर टाकायला?"

ज्योतीचं एकच म्हणणं होतं. साक्षीला शाळेत कोणी विचारलं, बाप काय करतो, तर तिला मान खाली घालावी लागू नये. धम्मानंद गेल्यावर मी पुस्तकं खाली काढली.

संध्याकाळी उंबऱ्यावर बसलो. आतली शेगडी बंद होती. मनात वाचायला गेलो तर अक्षरं पुढे सरकेनात, म्हणून सवयीने मोठ्याने वाचायला लागलो. भिंतीपलीकडे मावशी भाकरी थापत होत्या. मी पहिला पर्याय वाचला, दुसरा वाचला. थापणं थांबलं.

मला वाटलं, मावशी पाणी घ्यायला उठल्या असतील. तिसरा वाचला, थापणं सुरू झालं. मागे उत्तर पाहिलं. दुसरा पर्याय बरोबर होता.

पुढच्या प्रश्नालाही तेच झालं. त्याच्या पुढच्यालाही. मी पुस्तक मिटून बसलो. डोळ्यांना पाणी आलं ते पुसलं नाही. ती आहे, असं मला वाटलं. दुसरं काही वाटलं नाही.

त्यानंतर मी रोज वाचायला लागलो. आडतीवरून लवकर निघायचो. सरावात आता चूक होत नव्हती. नुसती खूण करत नव्हतो, थांबल्यावर तो पर्याय बरोबर का, हे शोधायचो. दोन पर्याय उरले की आधी मनात एक धरायचो आणि वाट बघायचो. हळूहळू माझंही जमायला लागलं.

धम्मानंदला सांगितलं तर तो हसला. "मग मावशीलाच बसवा परीक्षेला. कलेक्टर होईल, गावाची नाली तरी निघंल." पण एका रविवारी तो पुण्याच्या क्लासचा नवीन पेपर घेऊन संध्याकाळी आला. उत्तरं त्याच्या मोबाईलमध्ये होती, मला दाखवली नाहीत. आधी त्याने वाचलं. पलीकडे थापणं चालू होतं ते चालूच राहिलं, एकदाही खंड पडला नाही. तो म्हणाला, "बघा."

मग पेपर मी घेतला. त्याने मोबाईल समोर धरला. दोन प्रश्न झाले, चार झाले. त्याने मोबाईल खिशात ठेवला आणि चपला घातल्या.

"चहा?" मी म्हणालो.

"नको." दारात थांबून तो म्हणाला, "भाऊ, मी वाचलं तेव्हा काहून न्हाई थांबलं?"

"तुझं तिला काय," मी म्हणालो. "तिला माझा आवाज माहीत आहे."

तो तसाच निघाला. त्यानंतर तो घरी आला नाही, फोन करायचा.

थंडी संपत आली तशा मावशींच्या भाकरी बिघडायला लागल्या. एका बाजूला जाड, एका बाजूला कच्च्या. कडा फाटलेल्या. एक दिवस त्या टोपलं घेऊन आल्या आणि लगेच गेल्या नाहीत. साक्षी बाहेर खेळत होती.

"रत्नपाल, एक म्हणू का? तू वाचाया बसला का माझा हात थांबतो."

"तुम्ही ऐकत बसत असाल, मावशी."

"मी काहून ऐकू? मला काय कळतंय त्यातलं? गोळा हातात असतो अन् हात जड होतो. बळ लावलं तरी हालत न्हाई. तू पुढलं वाचलं का सुटतो. आताशा सुटाया बी टाइम लागून राहिला."

मी टोपलं खाली ठेवलं. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला.

"ज्योतीला बी असंच व्हायचं."

"ज्योतीला उत्तरं येत होती," मी म्हणालो.

"न्हाई रे लेकरा. ती मला म्हणायची, मावशी, मी थांबवत न्हाई, हात थांबतो. भेव वाटायचं तिला. म्हणायची, पण त्यांना सांगू नका. त्यांना वाटतं मला उत्तरं येतात. पास होऊ द्या एकदाचं, मंग सांगते."

टोपल्यातल्या भाकरीची वाफ कपड्यावर जमली होती. मावशी गेल्या तरी मी तिथेच उभा होतो. दवाखान्यातला तिचा हात आठवत होता. डाव्या हाताने धरलेला.

त्या दिवसापासून मोठ्याने वाचणं बंद केलं. अभ्यास अभ्यासिकेतच, तोंड मिटून. सराव पेपरात मार्क घसरले. कधी तेहतिसाच्या वर, कधी खाली. दोन पर्याय उरले की पूर्वीसारखा हात घुटमळायचा. परीक्षा जवळ आली. मावशींचा हात जरा बरा वाटत होता. भाकरी परत गोल यायला लागल्या.

एका संध्याकाळी अभ्यासिका बंद होती. घरी उंबऱ्यावर बसून पेपर सोडवला. गावात हळद शिजत होती, तिचा ओला वास घरात भरला होता. पेपर शेवटाला आला. शेवटचा प्रश्न अवघड होता, पाच माणसं गोल बसलेली, कोणाच्या शेजारी कोण.

मी मोठ्याने वाचतोय हे मला थापणं थांबलं तेव्हा कळलं.

चौथा पर्याय होता. त्यापुढे वाचायला काही नव्हतं.

मी पानं उलटली आणि पहिला प्रश्न मोठ्याने वाचला. पलीकडे आवाज नाही. दुसरा वाचला. आणखी मोठ्याने वाचला. साक्षी आतून येऊन माझ्याकडे बघायला लागली.

मी पलीकडे गेलो. मावशी चुलीपुढे बसल्या होत्या. तव्यावरची भाकरी जळत होती. उजवा हात परातीत पिठावर होता, बोटं पसरलेली. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "उचलत न्हाई."

मी हात धरून उचलला. गार होता, आणि जड.

त्यांच्या मुलाने त्यांना हिंगोलीला नेलं. त्या बोलतात, चालतात. हात तसाच आहे.

परीक्षेचं केंद्र हिंगोलीतच होतं, एका शाळेत. सकाळचा पेपर चांगला गेला. दुपारी मी रुमालाची घडी दातांत धरून बसलो. पर्यवेक्षकांनी विचारलं, दाढ दुखते का. मी मान हलवली.

पुढच्या बाकावरची मुलगी विचार करताना पेन बाकावर आपटत होती. टक, टक, टक. सारख्या अंतराने. मला एका प्रश्नात दोन पर्याय उरले होते. नुसतं पुटपुटलो असतो तरी चाललं असतं. तिच्या मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, हात बारीक होता.

मी रुमाल घट्ट चावला आणि तो प्रश्न कोरा सोडला.

निकालात मी एका प्रश्नाने मागे राहिलो. धम्मानंदचा फोन आला. त्या कोऱ्या प्रश्नाचं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बराबर केलं भाऊ." आम्ही परत त्यावर बोललो नाही. पुस्तकं मी अभ्यासिकेला देऊन टाकली. घरात आता पर्याय असलेलं एकही पान नाही, असं मला वाटत होतं.

भाकरी मीच करायला शिकलो. पहिल्यांदा तुटायच्या, आता जमतात. साक्षी म्हणते, आईसारख्या नाहीत पण खाता येतात.

साक्षी चौथीत आहे. अभ्यासात बरी होती, हल्ली खूपच पुढे गेली आहे. तिच्या बाई रस्त्यात भेटल्या तर म्हणाल्या, शिष्यवृत्तीच्या सराव पेपरात एकही प्रश्न चुकत नाही हो तिचा, घरी कोण घेतं अभ्यास? मी म्हणालो, कोणी नाही. ती घरीच सोडवून नेते, मी आडतीवर असतो. ती वाचते तेव्हा आजूबाजूला कोणाच्या भाकरी चालू असतात, हे विचारायचं मला सुचलं नाही.

काल आडत बंद होती. मी दुपारीच घरी होतो आणि संध्याकाळी भाकरीला बसलो. साक्षी दप्तर घेऊन आली. उंबऱ्यावर बसली, पाय आत घेऊन, मी बसायचो तशी. माझं लक्ष तव्याकडे होतं. ती मोठ्याने काहीतरी वाचत होती, आगगाडीचा वेग, किती वेळात पोचेल. मग एक, मग दोन, मग तीन.

माझा हात थांबला.

मी जोर लावला. खांद्यापर्यंत जोर लागला, पंजा पिठावर तसाच. तव्यातून धूर यायला लागला.

मी साक्षीकडे पाहिलं. ती पेपरकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. मग मान खाली घालून तिने पेन्सिलने गोल काळा केला, सावकाश, कडेच्या बाहेर न जाऊ देता.

"पप्पा, पुढचा वाचू?"

नको म्हणायला मी तोंड उघडलं. हात हलत नव्हता.

"वाच," मी म्हणालो.