उबेला चिकटणारं औषध

दस्तगीरचाचांच्या बेंबीशेजारी एक झडप बसवली होती. तिच्यातून दर तीन आठवड्यांनी दोन लिटर औषध पोटात जायचं. मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत चाचा सोडून सगळे तोंड पाडून बसायचे. जठराचा कॅन्सर पोटभर पसरलेला, दाणे दाणे झालेले. शिरेतून दिलेलं औषध त्या दाण्यांपर्यंत धड पोचायचं नाही, म्हणून थेट पोटातच ओतायचं.

"हे ऊबशोधी औषध," डॉ. शाल्मली पेंढारकरांनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं. "कॅन्सरचे दाणे आजूबाजूपेक्षा एक डिग्री गरम असतात. ऊब दिसली की हे तिथं चिकटतं आणि त्यांना मारतं. तासाभराने उरलेलं बाहेर काढायचं."

"म्हणजे कलईच की," चाचा म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी गावोगाव भांड्यांना कलई केली होती. "भांडं तापलं तिथंच कथील धरतं."

बाई नुसत्या हसल्या. पण पहिल्या दोन्ही वेळा स्कॅनच्या पडद्यावर लिव्हर तेवढं काळंकुट्ट दिसलं, बाकी पोट कोरं. सगळं औषध लिव्हरने गिळलेलं. चाचा भडकले.

"अहो बाई, लिव्हर म्हणजे पोटातली चूल. तिथं नाही चिकटणार तर कुठं? जिथं कथील नको तिथं आम्ही ओलं फडकं मारतो. किती वर्षं शिकलात?"

"चौदा."

"मग फडकं आणा."

तिसऱ्या वेळी उजव्या बरगडीवर बर्फाची पिशवी ठेवली. लिव्हर गार पडलं, आणि पडद्यावर पोटभर काळे ठिपके उमटले. मोहरी सांडल्यासारखे. औषधाने दाणे धरले होते.

आज चौथी वेळ, बरगडीवर बर्फाची पिशवी तशीच. आज चिकटलं नाही तर प्रयोग बंद, असं वरून पत्र आलं होतं. आणि चैत्रात गावच्या दर्ग्याचा उरूस. तिथं जेवण शिजवायच्या मोठ्या देगीला चाचांशिवाय कुणी कलई केलेली नव्हती, आणि दुसऱ्या कुणी करावी हे त्यांना मंजूर नव्हतं.

तास भरला. दोन लिटर घातलं होतं, दोन लिटर परत आलं. पडद्यावर एक ठिपका नाही.

"चिकटलंच नाही," बाई हळू म्हणाल्या. "औषध नासलं असणार. माफ करा चाचा, आता थांबावं लागेल."

चाचांनी पोटातून परत काढलेल्या आणि गार झालेल्या औषधाच्या भांड्याकडे बघितलं. मग चहावाल्या मावशींनी आत्ताच आणून ठेवलेल्या वाफाळत्या चहाच्या स्टीलच्या पेल्याकडे. ट्रेमधला लांब चिमटा उचलला, पेल्याचा काठ पकडला आणि पेला औषधात जवळजवळ काठापर्यंत बुडवून बाहेर काढला.

जिथवर चहा होता तिथवर पेल्यावर औषधाचा काळा थर. वरचा रिकामा काठ लखलखीत.

"औषध ठणठणीत आहे," चाचा म्हणाले. "आत चिकटायला गरम काही उरलं नाही."

बाई पेल्याकडे बघतच राहिल्या. डोळे पुसले, मग एकदम डॉक्टर झाल्या. "तो चहा प्यायचा नाही आता."

"दुसरा सांगा. साखर घालून. आणि ते कॅलेंडर द्या इकडं, देगीला किती दिवस राहिलेत बघतो."