तुमचं कॉलेज कितव्या नंबरला?

खरं तर मी त्या शनिवारी फक्त विसरलेली छत्री आणायला गेले होते. भोरच्या एसटी स्टँडसमोर आमच्या नारायणकाकांचं कॉम्प्युटर सेंटर आहे. मी पुण्यात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. त्यामुळे मी दिसले की काका त्या शाखेच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला आलेलं एखादं गिऱ्हाईक माझ्या गळ्यात मारतातच.

"अश्लेषा, ह्यांना जरा समजाव. माझं डोकं चालेना."

तो ओल्या रेनकोटात उभा होता. नखांत भातलावणीचा चिखल, हातात फॉर्म.

"आमचं हिर्डोशी पुणे जिल्ह्यातच हाय ना, मॅडम? मग म्या पुण्यात बाहेरचा कसा?"

"डिप्लोमा कुठून केलात?"

"कऱ्हाडातनं. मावशीकडं राहून."

"मग झालं! नियम गाव बघत नाही, शिकलात कुठं ते बघतो. तुम्ही कोल्हापूरकडच्या कॉलेजांत घरचे, पुण्यात बाहेरचे."

"आईला नका सांगू. आपल्याच जिल्ह्यात पोराला बाहेरचा म्हनत्यात कळलं, तर कागद चुलीत घालंल."

मला हसू आलं. मग त्याने वही उघडली, स्वतःच्या घराचं चित्र दाखवलं – माळा, गोठा, पुढचा ओटा. एकही रेघ खोडलेली नव्हती. मी आधी रेघा बघत होते, मग ती वही धरलेला हात... जरा जास्तच वेळ. छत्री पुन्हा तिथेच राहिली.

त्याचं नाव इंद्रजित. पुढचे तीन शनिवार तो येत राहिला आणि दर वेळी एक तरी कागद घरी राहिलेला असायचा. कधी उत्पन्नाचा दाखला, कधी फोटो.

"मुद्दाम विसरता का हो?"

"दिवसातनं दोन यस्ट्या, वर ह्यो पाऊस... मुद्दाम कोन येतंय?" तो म्हणाला खरा, पण कान लाल झाले होते. आणि मी? मी शुक्रवारीच भोर गाठायला लागले होते. आईला वाटायचं, लेकीला घरची ओढ लागली!

मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा दिवस आला.

"तुमचं कॉलेज कितव्या नंबरला टाकू?" त्याने स्क्रीनकडे बघतच विचारलं.

पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. आमच्याकडे दरवर्षी जागा उरतात, बाहेरच्यांनाही मिळतात. पहिलं टाकलं असतं, तर तो आलाच असता. पण कोल्हापूरचं कॉलेज कितीतरी चांगलं होतं. माझं एकच वर्ष उरलं होतं आणि त्याची पाच सुरू व्हायची होती. माझ्या एका वर्षासाठी त्याची पाच बिघडवायची?

"पाचव्या," मी म्हणाले. "पहिलं कोल्हापूर."

"तुमाला... खरंच आसं वाटतं?"

"सल्ला विचारलात ना?"

"व्हय. सल्लाच इचारला."

त्याने मोबाईलवर आलेला ओटीपी टाकला. मी प्रिंट काढायच्या निमित्ताने पाठ फिरवली. एका पानाला इतका वेळ लागत नाही, हे त्यालाही कळलं असणार.

कोल्हापूरच मिळालं.

तो निघाला त्या रविवारी आम्ही भोरहून कापूरहोळपर्यंत एकाच एसटीने आलो. तिथून त्याची गाडी कोल्हापूरकडे, माझी पुण्याकडे. ढाब्यावरचा चहा दोघांच्याही हातात निवत होता. गाडी आली, तसा त्याने ट्रंक आत सरकवली आणि पायरीवर थांबला.

"एक इचारू? तुमच्या यादीत... म्या कितव्या नंबरला?"

"पाचव्या."

बिचाऱ्याचा चेहरा असा उतरला की मलाच राहवेना.

"पहिल्या, इंद्रजित. त्या छत्रीच्या दिवसापासून पहिल्या. मला तुम्ही आवडता आणि तुम्ही जावं असं मला अजिबात वाटत नाहीये."

कंडक्टरने घंटी मारली.

"पयला नंबर लागला," गाडी हलता हलता तो ओरडला, "आता बदलायचं न्हाई! नेम हाय!"

गाडी साताऱ्याच्या दिशेने दिसेनाशी झाली. त्यानंतर पुण्याच्या दोन गाड्या आल्या आणि गेल्या. मी हात केलाच नाही.