त्या उन्हाळ्यातलं दुखणं

"ताई, बॅग भरायची घाई करू नकोस," धाकट्या भावानं दारातच सांगितलं, आणि ताईच्या हातातला लोकरीचा कोट अर्धवट घडी होऊन पलंगावर पडला.

परवा सकाळी तिचं विमान होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं फाटक्या पुस्तकांची बांधणी करणाऱ्या ताईला परदेशातल्या एका ग्रंथालयानं तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. पुरात भिजलेले जुने ग्रंथ वाचवायचे आणि तिथल्या लोकांना ते काम शिकवायचं. आई तेवढे दिवस धाकट्याकडे राहील, हे महिन्यापूर्वीच ठरलेलं.

"आईचं आमच्याकडे आत्ता नाही जमणार," खुर्चीत बसत तो म्हणाला. "आम्ही चौघं फिरायला चाललोय, सगळी बुकिंगं झालीत. तू पुढच्या वर्षी जा ना. पुस्तकं काय, पळून चाललीत?"

ताईनं कोट उचलून पुन्हा घडी घालायला घेतला. गेल्या अठरा उन्हाळ्यांत असाच एखाद्या दुपारी तो यायचा, दोन पोरं आणि दोन पिशव्या दारात सोडायचा आणि बायकोला घेऊन डोंगर, समुद्र, परदेश बघायला निघून जायचा. ताईची सगळी रजा त्या पोरांत जायची. एका उन्हाळ्यात दोघांना एकदमच कांजिण्या आल्या, तेव्हा ती तीन आठवडे आळीपाळीनं दोघांच्या उशाशी बसून होती, आणि याचा बर्फातला हसरा फोटो आला होता... पोरांवर तिचा जीव होता, त्याबद्दल तिची तक्रार नव्हतीच. पण तिला कुणी विचारलं होतं का? गृहीत धरणं इतकं अंगवळणी पडावं माणसाच्या, की समोर उघडी बॅग दिसत असूनही त्याची जीभ अडखळू नये!

"अठरा वर्षं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एकदा तरी म्हणालास, ताई, तुला कुठं जायचंय का?"

"तू कधी बोललीच नाहीस."

"बोलले होते. सव्वीस वर्षांपूर्वी. परदेशी शिकायला निवड झाली होती माझी. तिकीट हातात होतं."

"अगं, पण तेव्हा आईच्या छातीत दुखायला लागलं. त्याला कोण काय करणार?"

"दुखत नव्हतं."

दोघांनी वळून पाहिलं. खिडकीपाशी बसलेल्या आईनं काठी घट्ट धरली होती.

"माझ्या छातीत काहीसुद्धा होत नव्हतं," आई खाली बघत म्हणाली. "तुमचे बाबा नुकते गेलेले, याचं शिक्षण अर्धं... तू गेलीस की परत यायची नाहीस, असं मनानं घेतलं. घाबरले मी. आणि झोपून राहिले."

ताईच्या डोळ्यांसमोर तो उन्हाळा उभा राहिला. तपासण्यांच्या रांगा, परत केलेलं तिकीट, एकही शिक्का न बसता मुदत संपलेला तो पहिला पासपोर्ट.

"डॉक्टर म्हणत होते, काही सापडत नाही," ती कशीबशी म्हणाली. "मी त्यांच्याशी भांडले होते, आई... तुझ्यासाठी."

"माहीत आहे. मी ऐकत होते."

ताईनं तोंड फिरवलं.

आई काठी टेकत उठली. "माफ कर म्हणायला मला तोंड नाही. पण पुन्हा तेच होऊ देणार नाही." मग ती मुलाकडे वळली. "माझे कपडे भर. मी आत्ताच तुझ्याकडे येतेय. फिरायला मला बरोबर ने, नाहीतर जाऊ नकोस. ते तुझं तू बघ."

धाकटा खाली मान घालून गॅलरीत गेला आणि बायकोला फोन लावला. आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "जाणं रद्द करतोय," तो पुटपुटला. "ताई... आईच्या गोळ्या कुठल्या, कधीच्या, जरा सांगशील?"

ताईनं सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. जिना उतरताना तिनं आईचा दंड धरला होता. गाडीत बसवून ती पट्टा लावायला वाकली, तेव्हा आईनं तिचा हात सोडला नाही.

"पोचलीस की फोन करशील?"

ताईनं दुसऱ्या हातानं पट्टा अडकवला. "आत्ता मला तुझ्याशी बोलवत नाही, आई. रविवारी करीन... पण खोटं दुखणं सांगायचं नाही."

"आणि खरंच दुखलं तर?"

ताईला हुंदका आवरला नाही. उत्तर पुढच्या सीटवरून आलं.

"तर मला सांगायचं," धाकटा म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.